दारणा क्वार्टेटची निरवानिरव

मी, शेखर रावजी गांगुर्डे, वय एकाहत्तर, व्यवसाय व्हायोला वाजवणे व शिकवणे, राहणार द्वारका, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची खात्री देत नाही, असं डॉ. रोशनी बोरस्ते म्हणतात, पण मृत्युपत्राला डोकं पुरतं. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला घरात दुसरं माणूस लागतं, ते नाही. वकिलांनी दिलेल्या नमुन्यात सुरुवातीला देहाच्या नश्वरतेवर दोन ओळी होत्या, त्या मी गाळल्या आहेत.

या कागदाला दोन साक्षीदार लागतात आणि मी सही करताना त्यांनी समोर असावं लागतं. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, आणि साक्षीदार तुम्हाला नीट ओळखणारा बघा, असं वकिलांनी बजावलं. पहिलं नाव डॉक्टरांचं. दुसऱ्या नावासाठी मी बराच वेळ पेन धरून बसलो. शेवटी कबूल करावं लागलं, की मला नीट ओळखणारा माणूस या गावात एकच उरला आहे : ललित मधुकर गायधनी, आमच्या चौघांच्या क्वार्टेटचा पहिला व्हायोलिनवादक. इंदिरानगरला राहतो, म्हणजे रिक्षाने हाकेच्या अंतरावर, आणि सहा वर्षं आमचं बोलणं नाही. त्याला मेसेज केला आहे. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. तो आला नाही तर ही सगळी रद्दी. तरी लिहितो.

कलम १. माझा दोन खोल्यांचा फ्लॅट पुतण्या दिनेश याला मिळावा. तो इगतपुरीला रेल्वेत आहे. वर्षातून एकदा तांदळाची पिशवी घेऊन येतो, चपला न काढता दारातूनच "काका, बरं आहे ना?" विचारतो आणि गाडी चुकेल म्हणून निघतो. त्या बाजूच्या गाड्या मला तोंडपाठ आहेत, दिनेश. तरी तू तांदूळ आणतोस, हे मी हिशेबात धरलं आहे.

कलम २. बँकेत जे काही असेल त्यातून माझे अंत्यविधी साधेपणाने करावेत आणि उरलेलं भागीबाईंना द्यावं. त्या माझ्याकडे स्वयंपाकाला येतात. मी रोज सकाळी माझा सराव करतो. व्हायोला हे वाद्य चौघांच्या मधलं, त्यामुळे माझ्या भागात सूर थोडे आणि थांबायच्या जागा फार. एक दिवस त्या हातात झारा घेऊन धावत आल्या. म्हणाल्या, "सर, तुम्ही वाजवता वाजवता गप्प होता, मला वाटतं काही झालं का काय." मी सांगितलं, की बाई, त्या जागा दुसऱ्या तिघांच्या आहेत, तिथे मी बो, म्हणजे हा गज, उचलून मोजत बसतो. त्यावर त्या म्हणाल्या, "मग ते कधी येणार?" पोळी करपली त्या दिवशी.

कलम ३. वाद्यांविषयी सांगायचं तर आधी माणसं सांगितली पाहिजेत. दारणा क्वार्टेट म्हणजे ललित, दुसऱ्या व्हायोलिनवर तृप्ती निकम, व्हायोलावर मी आणि सेलोवर, म्हणजे सगळ्यात मोठ्या, खर्जातल्या वाद्यावर, सावळीरामभाऊ. भाऊ देवळालीला लष्करी बँडमध्ये होते. निवृत्त झाल्यावर सेलो सायकलच्या कॅरिअरला आडवा बांधून ते तालमीला यायचे, आणि लोक रस्ता द्यायचे. मी क्वार्टेटपायी नोटांच्या प्रेसमधली सरकारी नोकरी सोडली. आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, मरेपर्यंत नातेवाईकांना मी रजेवर आहे असंच सांगितलं. तीस-बत्तीस वर्षं आम्ही याच्यावर पोट भरलं, हे मी इथे मुद्दाम नोंदवतो, कारण लोकांना तो छंद वाटायचा. लॉन्सवर स्वागत समारंभ, हॉटेलांची उद्घाटनं, द्राक्षवाल्यांचे वाढदिवस, जिल्ह्यातल्या शाळा, आणि वर्षातून एक-दोनदा खरं, आमचं, चार भागांचं संगीत. सुरगाण्याच्या एका आश्रमशाळेत पोरं जमिनीवर बसून तासभर हलली नव्हती. त्याहून चांगला श्रोता मला मिळाला नाही.

भाऊ गेल्यावर कुसाबाईंनी, त्यांच्या पत्नीने, सेलो मला आणून दिला. तो आणि माझा व्हायोला ही दोन्ही वाद्यं, दोन स्टँड आणि चार लाकडी खुर्च्या माझ्या मालकीच्या आहेत. त्यांची व्यवस्था कलम ६ मध्ये आहे.

कलम ४. "हे मोठं व्हायोलिन का?" असं मला आयुष्यभर ज्यांनी विचारलं, त्या सगळ्यांना मी माफ करतो. गंगापूर रोडच्या एका लॉन्सवरच्या निवेदकाला मात्र नाही. त्याने आमची ओळख "दारणा ऑर्केस्ट्रा" अशी करून दिली आणि गायक थोड्याच वेळात येतील असं जाहीर केलं. मंडळी जेवण होईपर्यंत गायकाची वाट बघत राहिली. नवरदेवाच्या मामाने तर भाऊंना येऊन विचारलं, की गाणार कोण? भाऊ म्हणाले, चौघं गातोय, मामा, जरा जवळ या. मामा जवळ बसले आणि शेवटपर्यंत उठले नाहीत, म्हणून मामांना आशीर्वाद.

कलम ५. नोटेशनची सगळी पानं तृप्तीला नागपूरला पाठवावीत. त्यावर पेन्सिलच्या खुणा आहेत. आमच्याकडे एक पद्धत होती : इथे हळू, इथे बो वरून खाली, इथे श्वास, अशी कुठलीही खूण चौघांची मान हलल्याशिवाय कागदावर करायची नाही. तिघांना पटलं आणि चौथा अडला, तर पेन्सिल खाली. एकेका खुणेवरून तृप्ती घरी निघून गेली आहे आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन परत आली आहे. आमच्या रविवारच्या वर्गातल्या पोरांनाही आम्ही हेच शिकवलं. दहा-दहा वर्षांची चार कार्टी एका सुरासाठी पंचायत भरवून बसायची, आणि पालक बाहेर घड्याळ बघायचे.

ही पद्धत एकदाच मोडली, आणि ती ललितने मोडली. भाऊंचा उजवा हात थरथरायला लागला होता. कार्यक्रम मोठा, तिकिटं गेलेली. ललितने आम्हाला कुणाला न विचारता सेलोचा भाग दुसऱ्याकडून वाजवून लॅपटॉपमध्ये भरून घेतला आणि भाऊंच्या बोच्या केसांना साबण लावला, म्हणजे बो फिरेल पण आवाज निघणार नाही. भाऊ लष्करातले, सांगितलं तसं बसले. मला हे रंगमंचावर कळलं. मी श्वास घेतला आणि सेलो थांबला नाही. भाऊ माझ्यासाठी नेहमी थांबत. मी शेजारी पाहिलं तर म्हातारा मान खाली घालून मुका बो ओढत होता. मी व्हायोला खाली ठेवला आणि आत निघून गेलो. त्यानंतर दारणा क्वार्टेट वाजलेलं नाही. भाऊंच्या अंत्यविधीला ललित एका बाजूला उभा होता आणि मी एका बाजूला.

कलम ६. रविवारचा वर्ग माझ्यानंतर बंद करावा. हा वर्ग आम्ही चौघांनी काढला, गेली सहा वर्षं मी एकटा ओढतो आहे. चारही वाद्यं मीच शिकवतो, बाकीचे तीन भाग फोनमधल्या रेकॉर्डिंगवरून ऐकवतो. देवळाली कॅम्पातली मुलं सगळ्यात चांगली शिकतात आणि बापाच्या बदलीचा हुकूम आला की जातात. माझे विद्यार्थी आज जोधपूरला, तेजपूरला, कुठे कुठे आहेत. दिवाळीला फोटो पाठवतात, वाद्य कुणाच्या हातात दिसत नाही. सध्या तीन मुलं येतात. व्हायोला कुणालाच नको. चौथ्या खुर्चीवर मी बसतो, आणि माझ्यानंतर त्या खुर्चीसाठी कुणाच्या पाया पडायची माझी इच्छा नाही. वाद्यं कुठल्याही शाळेला देऊन टाकावीत. मला याचं फार वाईट वाटतं, ते इथे लिहिलं म्हणजे कुणाला तोंडाने सांगावं लागणार नाही.

येथपर्यंतचा मजकूर एका बैठकीत लिहिला. पुढचा नंतर जोडला आहे, म्हणून शाई वेगळी.

कलम ७. ललित आला. न कळवता, रविवारी, ऐन वर्गात. मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. कानात मशीन, केस सगळे गेलेले. मुलांनी विचारलं कोण, मी म्हटलं साक्षीदार. मुलं गेल्यावर त्याने हा कागद खिडकीपाशी नेऊन पहिल्यापासून वाचला. कलम ५ वाचताना त्याने चष्मा काढून पुसला. मग स्टँडवरची पेन्सिल घेऊन कलम ६ ला आडवी रेघ मारली.

मी म्हटलं, साक्षीदाराला मजकूर पटावा लागत नाही, सही बघायची आणि आपली करायची. तो म्हणाला, "वर्ग चौघांनी काढला. बंद करायचं तू एकट्याने ठरवलंस. भाऊंच्या वेळी मीही एकट्यानेच ठरवलं होतं. ते चुकलं, शेखर. तीनदा खालपर्यंत येऊन गेलो, जिना चढवला नाही."

मी चहा ठेवला. चहा होईपर्यंत त्याने तृप्तीला फोन लावला. तिने आधी आम्हा दोघांना यथेच्छ झापलं, मग थोडं रडून घेतलं, मग कलम ६ ऐकून नाही म्हणाली. म्हणजे हयात तिघांपैकी दोघांना नामंजूर. कलम अडलं.

तेव्हापासून ललित दर रविवारी येतो. पहिल्या व्हायोलिनची मुलगी त्याने ताब्यात घेतली आहे आणि माझ्या डोळ्यांदेखत तिची बो धरायची सवय बदलतो आहे. मुलं गेली की तो हा कागद मागतो, कलम ६ वाचतो आणि नाही म्हणतो. मी नवं लिहून दाखवलं, की वर्ग ललितने चालवावा. तेही त्याला नामंजूर, म्हणे तू असताना मी कशाला. मग आम्ही भांडतो, थोडं वाजवतो, तो इंदिरानगरला जातो आणि घर पुन्हा पहिल्यासारखं होतं. आठवड्याचे बाकीचे दिवस जसे होते तसेच आहेत, त्याबद्दल मी खोटं लिहिणार नाही. डॉक्टर म्हणतात, कागद रखडवू नका. मी ते ललितला सांगितलं. तो वाद्य पेटीत ठेवत होता. म्हणाला, "सही केली की तुझं काम संपलं. मग तू जायला मोकळा होशील, मला माहीत आहे."

सबब कलम ६ वगळता वरील सर्व माझी अखेरची इच्छा आहे. कलम ६ विचाराधीन.

लिहून ठेवणार : शेखर रावजी गांगुर्डे (सही दोन्ही साक्षीदारांसमोर करायची आहे)

साक्षीदार १ : डॉ. रोशनी बोरस्ते (बोलावलं की येतील)

साक्षीदार २ : ललित मधुकर गायधनी (हजर. सही करत नाही.)

स्थळ : नाशिक

दिनांक : रिकामा ठेवला आहे. घाई नाही.