रोज एकच गोळी

३ मार्च

आलो बाई एकदाच्या! मी, माझी चिमणी, दोन पेट्या आणि एक मोडकी खुर्ची. ती टाकून द्यायला चिमणीने ठाम नकार दिला, पाच वर्षांची असली तरी घरात चालतं तिचंच. खाली कुलूप-किल्ल्यांचं दुकान, तिथे माझी नोकरी, आणि वरची खोली आम्हाला राहायला. जिना उतरलं की कामावर हजर!

मालक फटकळ आहेत. बाईमाणूस कुलपं काय उघडणार, असं पहिल्याच वाक्यात बोलून मोकळे झाले. मग परीक्षा म्हणून एका कपाटाची किल्ली माझ्यासमोर धरली आणि लगेच खिशात टाकली. मी कोरी किल्ली घेतली, मशीनवर धरली, कानस मारली आणि कपाट उघडून दिलं. मालकांनी तोंडात बोटं घातली. बाबांनी शिकवलंय मला हे. किल्ली एकदा नीट पाहिली की तिचे दाते माझ्या डोळ्यांत बसतात, मग हात आपोआप चालतो. मालकीणबाई चिमणीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्यांनी नवऱ्याची मनसोक्त थट्टा करून घेतली. खूप दिवसांनी मी हसले.

५ मार्च

सगळं छान आहे, फक्त झोप नाही. कोर्टाने चिमणी मला दिली, पण तिच्या बापाने सगळ्यांसमोर बजावलंय की एक दिवस तिला घेऊन जाईन. जुन्या घरी तो एकदा स्वतःच्या किल्लीने दार उघडून तिच्या उशाशी येऊन बसला होता. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही. आज मशीनवर बोट कापता कापता वाचलं.

मालकीणबाईंनी धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी थोड्याच दिवसांपुरत्या गोळ्या दिल्या आणि शाळकरी मुलीला सांगावं तसं सांगितलं. रोज एकच, तीही अंथरुणावर पडल्यावर. झोप आली नाही तरी दुसरी घ्यायची नाही. बरोबर दारू नाही, आणि दुसरं कुठलंही औषध विचारल्याशिवाय नाही. पोरीच्या हाती लागू द्यायच्या नाहीत. आणि सकाळी असं काही दिसलं, जे आपण केल्याचं आपल्याला आठवत नाही, तर गोळी तिथल्या तिथे थांबवून फोन करायचा. मला हसूच आलं. झोपेत काय भांडी घासणार आहे की काय मी!

७ मार्च

झोपले! मेल्यासारखी झोपले. चिमणीने नाक ओढून उठवलं. सकाळ इतकी स्वच्छ असते हे विसरूनच गेले होते. डॉक्टरीणबाईंच्या तोंडात साखर पडो.

१० मार्च

उठले तर खोलीचं दार सताड उघडं. काळजात धस्स झालं. चिमणी शेजारीच होती, गाढ झोपलेली. कुलूप लावायला मी कशी विसरेन? माझा धंदाच तो. दुकानातून नवं कुलूप आणून बसवलं. दोन्ही किल्ल्या उशीखाली ठेवल्या.

११ मार्च

पुन्हा उघडं. बाहेरच्या बाजूने कुलपात किल्ली लटकत होती. माझ्या दोन्ही उशीखालीच होत्या. ही तिसरी, नुकतीच कापलेली, कडा अजून खरखरीत.

मालकांनी भिंगातून पाहिली. म्हणाले, करणारा उस्ताद आहे, असा हात सहसा बघायला मिळत नाही. म्हणजे तिच्या बापाने कोणा कारागिराला हाताशी धरलंय. तो इथपर्यंत पोचलाय. मालक म्हणाले, पोलिसांत जाऊ. पोलीस म्हणाले, चोरीला काय गेलं? काही नाही. अजून काही नाही!

अशाने झोप कसली लागते? दुसरी गोळी घेतली. डॉक्टरीणबाईंना सांगितलेलं नाही. सांगितलं तर बंद करतील, आणि मग मी रात्रभर दाराकडे बघत बसेन.

१२ मार्च

आजही दोनच घेणार. कुलूप, कडी, वर दाराला खुर्ची लावली आहे. आता ये म्हणावं.

१३ मार्च

खुर्ची बाजूला ठेवलेली. आदळलेली नाही, उचलून ठेवलेली. आतून.

चिमणीच्या पायांना चिखल. मी तिला गदागदा हलवलं, बाबा आले होते का विचारलं. ती म्हणाली, नाही, तूच तर नेलंस. पूल दाखवायला. म्हणाली, आई, मी हाका मारत होते, तू बोलत का नव्हतीस?

मागच्या नदीवरच्या त्या पुलाचा कठडा अर्धा पडलाय.

माझे तळवे पाहिले. चिखल. नखांत पितळेचा कीस.

तो आलेलाच नाही. इथे कधीच आला नव्हता—

१४ मार्च

काल रात्रभर जागी बसले, आज संध्याकाळी धीर करून फोन केला. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. हे आधीच कळवायला हवं होतं, एवढंच म्हणाल्या. गोळी आजपासून बंद. आज पोरीबरोबर एकटीने राहायचं नाही. उद्या दवाखाना उघडताच यायचं. आणि झोपेतलं काही आठवलं तर उठल्या उठल्या लिहून ठेवायचं, नाहीतर पुसलं जातं.

मालकीणबाई चिमणीला त्यांच्याकडे घेऊन गेल्या. समोरच्याच गल्लीत घर. जाताना मला जवळ घेतलं. म्हणाल्या, दाराला कुलूप घालीन, किल्ली माझ्या गळ्यात राहील, तू निश्चिंत राहा. मला विश्वास वाटावा म्हणून ती किल्ली माझ्या डोळ्यांसमोर धरली. किती जीव लावतात परक्या बाईला!

जिवात जीव आला. पोर सुरक्षित आहे.

पण गोळीशिवाय झोप येणार नाही, डोकं फिरलंय. अशी मी उद्या दवाखान्यापर्यंत तरी पोचेन का? चिमणी इथे नाहीच. मग आज शेवटच्या दोन घेतल्या तर कोणाचं काय—

१५ मार्च

खाली मालक दार बडवताहेत. विचारताहेत, चिमणी वर आली आहे का. त्यांचं दार उघडं होतं म्हणे.

चिमणी इथे नाही.

माझी साडी ओली. गुडघ्यांपर्यंत. मुठीत किल्ली, नवी. दाते ओळखते मी. काल मालकीणबाईंनी—

लिही. पुसलं जाईल. लिही.

गार वारा. जिना. तिच्या हातात माझं बोट, घट्ट. ती हसत होती. मग हसत नव्हती. आई म्हणत होती. दगड पायाला टोचले. पाण्याचा आवाज. तिचा हात होता माझ्या हातात, पुलापर्यंत होता, नक्की होता, पुलावर मी तिला