खेळायचं मशीन

दिंडोली, सुरत
१८ जानेवारी २०२६

ती. उज्ज्वलाआत्यास,
पल्लवीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू मनाने जोडतेस, म्हणून पत्रच बरं. शिवाय आमच्या एका खोलीत ओरडून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही.

मी कॉम्प्युटर घेतेय. तयार नाही, सुटे भाग आणून स्वतः जोडणार आहे. आणि तो गेम खेळायला. पलसाण्याच्या कापड रंगवायच्या प्रोसेस हाउसमध्ये दिवसभर बिलं टाइप करते, तेवढं काम मला पुरे. मला मोटारींच्या शर्यती खेळायच्यात, मोठ्या पडद्यावर. मी त्यात चांगली आहे, आत्या. मोबाइलवर ऑफिसातली सगळी मुलं माझ्या मागे राहतात.

चाळीस हजारांच्या आत बसवायचंय. रॅमचे भाव यंदा असे भडकलेत की दुकानदार सांगतानाच लाजतो. म्हणून ग्राफिक्स कार्ड वापरलेलं घेणार, कॅबिनेट साधं, बिनदिव्यांचं. पॉवर सप्लाय मात्र नवा आणि चांगला; तिथे कंजुषी केली तर बाकीचं सगळं जळतं म्हणतात.

आई गल्लीभर सांगत सुटली आहे की पल्लवी कसला तरी कोर्स करणार आहे. बाबा काहीच बोलत नाहीत. मी विषय काढला की भाजीत मीठ कमी आहे म्हणतात. तू त्यांची मोठी बहीण, तुझा शब्द ते खाली पडू देत नाहीत. त्यांना एक ओळ लिही ना.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी
पल्लवी


पारोळे
२५ जानेवारी

चि. पल्लवीस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा काळजी वाटली. एवढी घोडी झालीस आणि कमाई खेळण्यावर घालणार. जन्मभर शाळेत मुलांना खेळाच्या तासाला हाकललं मी, पण ते मैदानावर गं.

तरी तुझा हट्ट मला ठाऊक आहे, म्हणून नको म्हणत नाही. एवढंच सांगते, की तुझी आई शोभा म्हणते तसं कोर्सचं नाव पुढे कर. कुणाचं काय जातंय? गल्लीत तोंड तिला द्यावं लागतं. तिच्याही बाजूने बघ.

रामदासला मी लिहिणार नाही. तो बोलत नाही म्हणजे नाहीच म्हणतो असं नव्हे. स्वतःचं लग्न ठरवतानाही तो नुसता गप्प होता. आम्ही होकार धरला आणि तुझ्या आईला बघून आलो.

जेवण वेळेवर करत जा. आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.
तुझी आत्या
उज्ज्वला


दिंडोली, सुरत
९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

कोर्सचं निमित्त मी सांगणार नाही. एकदा तसं सांगितलं की रोज कुणी आलं की खेळाची खिडकी बंद करा, पडदा बदला, तोंड पाडून बसा. लपूनच खेळायचं तर मोबाइल काय वाईट होता? माझ्या कमाईचं आहे, मी उघड खेळणार. आईला हे तोंडावर सांगितलं.

आता खरं दुःख सांगते. शनिवारी सगळं जोडलं. पंखे फिरले, पडद्यावर अक्षरं उमटली, आणि मी चक्क रडले. आईला आधीच बजावलं होतं, की ह्याची पूजा नको, हळदकुंकू नको, जवळ पाण्याचा थेंब नको. तिने ऐकलं. रविवारी सकाळी न्हाऊन निवांत खेळायला बसले, बटण दाबलं, आणि पंखा जरासा हलून सगळं बंद. नंतर काहीच नाही.

त्या दुकानदारानेच खराब कार्ड गळ्यात मारलं, दुसरं काय? मी त्याला मोबाइलवर वाट्टेल ते लिहून पाठवलं. तो लग्नासाठी गावी गेलाय, महिनाअखेरीला येईल. आला की दुकानात उभी राहते. मी सोडायची नाही त्याला.

माझ्यासाठी देवाला सांग. तुझी माया असू दे.
पल्लवी


दिंडोली, सुरत
१४ फेब्रुवारी

ती. अक्कास,
रामदासचा शि. सा. न. वि. वि.

मी पत्र कधी लिहीत नाही हे तुला माहीत आहे. पण हे फोनवर सांगितलं तर घरात ऐकू जाईल.

पल्लवीचं मशीन माझ्यामुळे बंद पडलं. इथल्या सचिन गावच्या कापड कारखान्यात मी आजवर जेवढे माग बसवले, त्यातला एकही नारळाशिवाय सुरू केला नाही. नारळ फोडायचा, त्याचं पाणी मशीनवर शिंपडायचं, मग बटण. पोरीने पूजा नको म्हणून सांगितलं होतं ते मी ऐकलं होतं. तरी वाटलं, तिचं पहिलं मशीन, स्वतःच्या हातांनी बसवलेलं, ते कोरडंच कसं सुरू होऊ द्यायचं? रविवारी कामावर निघताना, ती न्हायला आणि शोभा नळावर गेली होती तेव्हा, उंबऱ्याशी नारळ फोडला आणि थोडं पाणी वरून शिंपडलं. मशीनच्या वरती हवेची जाळी आहे, पाणी आत जातं, हे ध्यानात आलं नाही. खोबरं कारखान्यात वाटलं.

ती दुकानदाराला शिव्या घालते आणि मी समोर बसून जेवतो. सांगितलं तर ती माझ्याशी बोलायची नाही. काय करू ते कळव.

भावावर कृपा ठेव.
रामदास


पारोळे
१९ फेब्रुवारी

चि. रामदासास आशीर्वाद.

हे पत्र वाचून खाली ठेव आणि लगेच पोरीला सांग. ती बोलली नाही तर तू सोस. परक्या माणसाची अब्रू तिच्या रागात जाते आहे, ती आधी वाचव. आणि नारळ का फोडलास तेही सांग. ते मनात ठेवू नकोस.

तुझी
अक्का


दिंडोली, सुरत
१ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुला सगळं आधीच माहीत होतं म्हणे. ते असो.

बाबांनी कामावरून येऊन, हातपायही न धुता सांगून टाकलं. मी फार बोलले, आत्या. माझ्या वस्तूला पुन्हा हात लावायचा नाही असं त्यांना बजावलं. त्यांनी मान हलवली. मग बाबा म्हणाले, की तुझ्या हातचं पहिलं मशीन, ते मला कारखान्यातल्या मागासारखंच वाटलं. मला वाटत होतं त्यांना ते नकोच आहे.

दुकानदाराला फोन करून माफी मागितली. तो भला माणूस, उलट सगळं सुटं करून स्पिरिटने कसं पुसायचं ते त्यानेच समजावलं. बाबांनी बॅटरी धरली, मी मऊ ब्रशने एकेक भाग पुसला, स्क्रू आईच्या ताटलीत. दोन दिवस सुकू दिलं. कार्ड वाचलं. रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक गेलीच, आणि यंदा रॅमच सगळ्यांत महाग. एकीवर गेम अडखळत चालतो. चालू दे. दुसरी मी घेईन, पगार काही थांबत नाही.

आज दुपारी मी खेळत असताना शेजारच्या प्रमिलाबाई आल्या. कोर्स कुठवर आला, असं त्यांनी आईला विचारलं. आई माझ्याकडे बघू लागली. मी तोंड उघडणार, तोच खाटेवरून बाबा आपल्या अहिराणीत म्हणाले, की कोर्स ना काय, हाई खेयासाठे शे, मनी पोर खेयस. खेळायलाच आहे, माझी पोर खेळते, असं चक्क शेजारणीला सांगितलं त्यांनी! आणि बाईंना पडदा नीट दिसावा म्हणून स्वतः उठून बाजूला झाले.

पुढच्या वळणावर माझी गाडी भिंतीवर आदळली, कारण मला समोरचं काही दिसत नव्हतं.

आहेस तशीच माझ्यावर माया करत राहा.
तुझी
पल्लवी