चौसष्ट पायऱ्या

२ जानेवारी, पहाटे ५.४०
उठलो. अलार्मच्या सहा मिनिटं आधी. माणूस एकदा पेटला की घड्याळ मागे पडतं.

परिस्थितीचा आढावा. वय त्रेपन्न, वजन चौऱ्याण्णव. सव्वीस वर्षं यार्डातली मोठी क्रेन चालवतो. गेल्या महिन्यात केबिनकडे चढताना एकेचाळिसाव्या पायरीवर डोळ्यांपुढे अंधारी आली, कठडा धरून उभा राहिलो. एवढंच. पण कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी मला खाली उतरवलं ते उतरवलंच. ५ एप्रिलला परीक्षा आहे. चौसष्ट पायऱ्या, एकदाही न थांबता. जमलं तर केबिन, नाही तर गेटवर बसून लॉऱ्यांचे नंबर लिहायचे. रिटायर होईपर्यंत.

हा नियम चार वर्षांपूर्वी मीच भांडून करून घेतला. एक ऑपरेटर वर केबिनमध्येच बेशुद्ध पडला होता. युनियनचा सेक्रेटरी म्हणून मी गेटसभेत दीड तास बोललो. ज्याला चढवत नाही त्याच्या हाती वीस टनांचा हुक देऊ नका, मग तो कुणीही असो! ‘कुणीही’ला टाळ्या थांबेनात.

डॉक्टरीणबाईंचा कागद: पहिला आठवडा रोज दहा मिनिटं चाला, दुसरा पंधरा, मग हळूहळू वाढवा. हळूहळू! आमच्या प्रत्येक मागणीवर मालकांनी हाच शब्द तोंडावर मारला. आयुष्यभर ज्याच्याशी लढलो तो शब्द मी माझ्या गुडघ्यांना ऐकवणार नाही.

ठराव: रोज आठ किलोमीटर. साखर बंद. एकमताने मंजूर.

२ जानेवारी, सकाळी ९.३०
सात किलोमीटर झाले. उरलेला एक तत्त्वतः झालाच.

३ जानेवारी
गुडघे संपावर.

११ जानेवारी
अजून पलंगावर. वेळ वाया घालवलेला नाही. फुफ्फुसांवरचा चारशे पानी ग्रंथ संपवला. प्राचीन सैन्यांच्या पायी मोहिमांवरचा निम्मा झाला. फुफ्फुसांबद्दल आता यार्डात माझ्याइतकं कुणाला कळत नसेल. बायको म्हणाली, तुम्हाला त्यांच्याबद्दल कळलं, त्यांना तुमच्याबद्दल कधी कळायचं? हिला वाचनाची गोडी नाही.

२० जानेवारी
चूक सापडली. एकट्याने गेलो, तिथेच फसलो. एकटा माणूस हरतो, संघटना जिंकते. यार्डामागच्या मैदानावर ‘श्वास आघाडी’ची स्थापना. चौदा जण हजर. बायको आली. यार्डातला बांबूही आला: उंच, बारीक, पस्तिशीचा, हातात कायम सिगारेट, चार पोती उचलली की खोकत बसतो. बदली ऑपरेटर व्हायचंय, पण पायऱ्यांची धास्ती.

बाकावर उभा राहून चाळीस मिनिटं बोललो. विषय: श्वास हा कामगाराचा पहिला हक्क. लोक भारावले. मग ते मैदानाला फेऱ्या मारायला गेले. मी बाकावरच थांबलो. कुणीतरी दिशा द्यावी लागते.

२९ जानेवारी
मुलीने पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं. उजव्या मनगटावर बांधलं, डाव्यावर जुनं आहे. सकाळी आघाडीपुढे ‘आळस हा शत्रूचा हेर’ यावर बोललो. घरी येऊन पाहतो तर सहा हजार दोनशे पावलं! चाललोय असं आठवतही नव्हतं. व्यायाम अंगात मुरला की असंच होतं म्हणतात.

४ फेब्रुवारी
दहा हजार चारशे. मुद्दा तापला की हात आपोआप उंच जातो आणि पावलं झरझर वाढतात. शरीर आणि विचार एक झाल्याची खूण. बायको म्हणाली, अहो, ती तुमच्या हाताची पावलं आहेत, पायांची नव्हेत. मी यंत्र पुढे केलं. आकडे बोलतात.

दहा हजारांनंतर गोड चहा चालतो. ठरावात दुरुस्ती करून घेतली. बिस्किटांचा ठरावात उल्लेखच नव्हता.

१५ फेब्रुवारी
वजन सत्त्याण्णव. स्नायू चरबीपेक्षा जड असतात हे कुठल्याही पुस्तकात आहे. डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्यांनी पोटाला बोट लावून विचारलं, हा कुठला स्नायू?

आघाडीत आता एकोणतीस जण. बांबू दिवसाला दोन सिगारेटींवर आला. म्हणतो, दादा, तुमच्या शब्दांनी पेटलो. मी म्हटलं, अजून बराच पल्ला आहे गड्या. तो म्हणाला, हो, सहा फेऱ्या राहिल्यात, आणि पळाला. पूर्ण ऐकून घ्यायची सवय नाही या पिढीला.

२६ फेब्रुवारी
मुलीचा फोन. माझ्या घड्याळाचा नकाशा तिला तिकडे तिच्या मोबाइलवर दिसतो म्हणे. म्हणाली, बाबा, महिनाभर रोज दहा हजार पावलं आणि नकाशावर एकच ठिपका? कुठे चालता, टेबलावर? मी हसलो. मग ती म्हणाली, घड्याळ एकदा आईला द्या बरं. आईच्या मनगटावर नकाशा मैदानाला आठ वेढे घालून आला.

म्हणजे या यंत्राचं गणित चांगलं आहे, भूगोल कच्चा आहे.

८ मार्च
लिफ्ट बंद होती. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. पहिल्या मजल्यावर शेजाऱ्यांशी दोन शब्द बोललो. दुसऱ्या मजल्यावर बोलायला कुणी नव्हतं, तरी थांबलो. नोटीसबोर्ड वाचला. दोनदा. बायको वर जाऊन, कुलूप उघडून, पाण्याचा तांब्या घेऊन परत खाली आली. काही बोलली नाही. तिने काहीतरी बोलायला हवं होतं.

२० मार्च
बाकावर गेलो नाही. गोदामाच्या मागच्या रस्त्याने एकटाच चाललो, घड्याळ काढून ठेवून. अकरा मिनिटं. मग दगडावर बसलो. छातीत लोहाराचा भाता. दगडावरून क्रेन दिसते. सव्वीस वर्षं ती आतून पाहिली. बाहेरून एवढी उंच असेल असं वाटलं नव्हतं.

सोळा दिवस उरलेत. डॉक्टरीणबाईंच्या कागदावर अकरा आठवडे होते. सोळा दिवसांत हळूहळू बसत नाही.

२१ मार्च
कालची नोंद मनाच्या दुर्बल अवस्थेतली. कामकाजातून वगळण्यात यावी. घड्याळ पुन्हा बांधलं. नऊ हजार आठशे.

४ एप्रिल
पूर्ण तयारी. पुस्तकं वाचून झाली, भाषण पाठ झालं, बूट नवे. बायकोने विचारलं, भाषण चढण्याआधी आहे की नंतर? नंतर, अर्थात. वरून.

तिने परत विचारलं, डॉक्टरांकडे मुदत मागायची का, मी बोलू का? मी म्हटलं, मुदत मालक मागतात.

५ एप्रिल, संध्याकाळी
परीक्षा सकाळी साडेआठला. खाली सगळी आघाडी जमलेली, चाळीसेक माणसं. मी शिकवलेली घोषणा देत होती: थांबायचं नाही!

आधी बांबू चढला. वर पोचून हात हलवला.

मग मी. वीस पायऱ्या बऱ्या गेल्या. सत्तावीसला पाय उचलायला सांगितलं, उचलला नाही. खालून घोषणा चालूच. चाळीस माणसं घसा फोडून मला थांबायचं नाही म्हणत होती आणि मी थांबलेलो होतो. कुणाच्या लक्षात यायला वेळ लागला. मग एकेक आवाज गळत गेला. सगळ्यात शेवटपर्यंत बायकोचा ऐकू येत होता.

सांगावंसं वाटलं, एक मिनिट द्या. तोंड उघडलं. आवाज नाही. पंचवीस वर्षं सभा गाजवल्या, आणि एक मिनिट मागायला श्वास नव्हता.

बांबू वरून खाली आला. म्हणाला, दादा, बोलू नका, माझ्या खांद्यावर हात टाका. एकेक पायरी उतरवलं. डॉक्टरीणबाईंनी माझा श्वास शांत होईपर्यंत कागदावर काही लिहिलं नाही. मग लिहिलं. सही माझी पण लागते.

१६ एप्रिल
गेटवर दुसरा दिवस. इथली केबिन बरी आहे, खुर्चीला पाठ आहे. समोर क्रेन.

आठ वाजता बांबू चढला. खालून पायऱ्या मोजल्या. सत्तावीसपर्यंत ठीक. पुढे तो भराभर गेला. चाळीस, पन्नास, चौसष्ट. दरवाजा लागला. हुक हलला.

हॉर्न ऐकू आला तेव्हा फाटकाशी लॉरी उभी होती, कधीपासून कोण जाणे. नवा ड्रायव्हर, मला ओळखत नव्हता. खिडकीतून वाकून विचारत होता, काका, फार दम लागलाय का? पाणी देऊ?

मी सकाळपासून खुर्चीतून उठलो नव्हतो.