सालीच्या रंगाची पाल

४ नोव्हेंबर
पोचले एकदाची बेटावर! दवाखाना लहान आहे, पण माझा. राजधानीत बारा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली बाळंतपणं केली, आता हुकूम माझा चालेल. अंगणात लवंगा वाळताहेत. चार महिन्यांची मिआली पोटभर पिऊन छातीशी झोपलीय. मदतनीस झाफीसोआ साठीची. इथं चहासारखं पितात ते करपल्या भाताचं पाणी पुढे करत म्हणाली, ताई, इथं ताठ बोटानं काही दाखवायचं नाही, बोट दुमडायचं. मला हसू आलं. किनाऱ्याच्या लोकांना नियम फार, साबण कमी.

९ नोव्हेंबर
दारातल्या खोडावर एक पाल असते. याच बेटावर सापडते म्हणे. अगदी सालीचा रंग, कडेला झालर, अंगाची सावलीही पडत नाही. ती छातीला चिकटते, या भीतीनं बायका तपासणीला यायच्या थांबल्यात. आज त्यांना गोळा केलं, ताठ बोटानं पाल दाखवली, उपटली आणि पोलक्यात छातीवर ठेवली. म्हटलं, बघा, काय झालं? एक हसेल तर शपथ! पोलकं झटकलं. झाफीसोआनं विचारलं, ताई, शहाणपण झालं, पण ती पडताना पाहिली कुणी?
पडलीच असणार. मूर्ख कुठल्या.

१० नोव्हेंबर
मिआली डाव्या बाजूला तोंड लावत नाही. उकाडा असेल.

१२ नोव्हेंबर
डाव्या छातीची कातडी जाड लागते. रंग माझाच. झाफीसोआ वस्तरा घेऊन आली. म्हणे, चिकटली की कातडीसकट कापावी लागते, तेही आज सूर्य बुडायच्या आत, नाहीतर दूध पिणाऱ्याकडे जाते. हाकलून दिली. अडाणी म्हातारी, आणि वस्तरा गंजका.

१३ नोव्हेंबर, सकाळ
रात्री छातीत दोन ठोके. एक माझा —
पहाटे मिआली डावीकडेच पोटभर प्यायली. झाफीसोआच्या दाराशी जाऊन रडले. आतूनच म्हणाली, काल आले होते ना मी? आता ती तुमच्याकडे नाही, ताई.

दुपार
स्वतःच कापलं. दवाखान्याच्या सुरीनं. खाली माझंच मांस. नुसतं माझं —
मिआली केव्हाची शांत आहे.
दुपटं काढलं. पाठीवर हात ठेवला. दोन ठोके.
सुरी उकळून घेतली. हात धुतले. एवढीशी पाठ. हिची कातडी कुठं संपते आणि —