कडेचे ठिपके

शुक्रवार, ४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीचा खोकला थांबला असेल. इकडे सगळं ठीक, असं सवयीने लिहिणार होते. पण आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते. आईच्या चेहऱ्यावरचा पिवळेपणा खिडकीच्या नव्या पडद्यामुळे आहे, असं मी लिहिलं होतं. तसं नाही. परवा पडदा काढला. पिवळेपणा गेला नाही. माझ्या त्या वाक्यावर विसंबून तू रजा रद्द केलीस.

आईचं चित्र आपल्या घरच्या पद्धतीनेच चाललंय. चेहरा माझ्याकडे, मागचे डोंगर आणि आभाळ बाबांकडे. दर बैठकीला त्वचेचा रंग कालवला की एक ठिपका कॅनव्हासच्या कडेला ठेवायचा, म्हणजे पुढच्या वेळी जुळवता येतो. तुलाही बाबांनी हेच शिकवलं. मला दर वेळी पिवळा जास्त लागत गेला. वाटलं, माझाच हात बिघडला. म्हणून चेहऱ्याला पहिल्या दिवसाचाच रंग लावत राहिले. कडेला मात्र खरे ठिपके पडत गेले. काल ते ओळीने पाहिले. शेवटचा वाळलेल्या लिंबाच्या सालीसारखा आहे.

बाबांना दाखवले.

"सगळे सारखेच तर आहेत," म्हणाले. "पडदा लाव, उजेड टोचतोय."

डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, कबूल करत नाहीत. आईच्या मागचं त्यांचं आभाळही मळकट पिवळं झालंय. त्या आभाळापुढे आई त्यांना बरी दिसते.

ती हल्ली पावडर लावून बसते. काल मी विचारलं, "आज पण जेवली नाहीस?"

"चित्रात माझं पोट येणार आहे का? तू नाकाचं बघ. तुझ्या बापाला तीस वर्षांत सरळ काढता आलं नाही."

बाबा हसले. मीही हसले. तेवढ्यात ती खिडकीकडे वळली आणि डोळ्याचा कोपरा उजेडात आला. तो पांढरा नव्हता.

बाबा हात धुवायला गेले तेव्हा हळूच म्हणाली, "मला कळतंय गं. आधी चित्र पुरं होऊ दे. त्यांनी आता ब्रश खाली ठेवला तर परत उचलायचे नाहीत."

आपल्याकडे डोळे शेवटी काढतात. तेवढेच राहिलेत. पांढरा भरला तर खोटं होईल, आणि दिसतो तो रंग माझ्याच्याने भरवत नाही.

आज सकाळी मी एकटी डॉक्टरांकडे जाऊन आले. ठिपक्यांचं सांगितलं. मला वाटलं होतं, हसतील. हसले नाहीत. भरती करायच्या तयारीने या, म्हणाले. आणखीही काही म्हणाले. ते तू आलास की सांगेन.

हे पत्र तुला सोमवारी मिळेल. बाबांशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. जिन्यावर आईचा दुसरा हात धरायला कोणी हवं. चित्र अपुरं राहिलं म्हणून दोघंही माझ्यावर रागावतील. रागावू देत. मंगळवारी, ८ मार्चला सकाळी, मी तिला घेऊन निघते आहे.

तू येशील असं धरून चाललेली,
तुझी धाकटी