पंडितजींना ळ म्हणता येत नाही

२६ नोव्हेंबर २००७

आला! कॉम्प्युटर आला. फोनबोर्डाशेजारी, माझ्याच टेबलावर. पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाजही आत बसवून दिलाय. बाईचा मागितला होता, बाप्याचा मिळाला. इंग्लिश येतं, हिंदी येतं, मराठी येत नाही. मराठी अक्षरं हिंदी माणसासारखी वाचतो. नाव ठेवलं पंडितजी. ब्रेल जागा फार खातं, तेव्हा पुढे नुसतं पं.

मॅडम, म्हणजे आमच्या मोठ्या डॉक्टर, म्हणाल्या, "शालन, आपली आरोग्यसेवेची वेबसाइट नवीन वर्षात सुरू करायची आहे. अंध माणसालाही वापरता आली पाहिजे, असं वरून आलंय. तू तपासून दे." मी! दिवसभर "हॅलो, आरोग्यसेवा, थांबा जोडते" करणारी मी. आनंदात डबा खायचा राहिला.

आणि दुसरं. पाळी चुकली आहे. कुणाला बोललेली नाही. मेडिकलमध्ये पट्टी मिळते, पण तिच्यावर रेघ एक का दोन हे कोण सांगणार? पुन्हा दुसऱ्याचे डोळे आले. म्हणून फक्त इथे. घरात ब्रेल कुणाला येत नाही. माझं लिहिलेलं कुणी वाचत नाही, आणि मला काही वाचायचं तर दुसऱ्यानं मोठ्यानं वाचल्याशिवाय होत नाही. गंमतच.

२८ नोव्हेंबर

वेबसाइट बनवणारा महांतेश आला. गडहिंग्लजकडचा, घरात कानडी, बाहेर कोल्हापुरी. पहिल्याच वाक्यात अक्का केलं. आंधळ्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं असा त्याचा समज. मी म्हटलं, "कान शाबूत हायेत, बाबा." लाजला बहुतेक. आवाज खाली आला.

पहिलं पान कुठलं उघडलं? 'गरोदर मातांसाठी'. तपासायचंच होतं की!

पं. सुरू झाले. "डॉलर. कौंस सुरू. एक्स. टी. टक्के. टक्के. सेमिकोलन."

"हे मराठी हाय?"

"अक्का, समोर झकास मराठी दिसाय लागलंय की!"

"तुला दिसाय लागलंय."

मग त्यानं डोकं खाजवलं (ऐकू येतं). निघालं असं, की पान टाइप केलंय जुन्या फॉन्टात. आत इंग्लिश अक्षरं आणि चिन्हं, वरून मराठीचा सदरा. डोळ्याला मराठी, पं. ना खिचडी. सगळीच पानं तशी. सगळी आता युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या मराठी अक्षरांत, बदलायची.

"लई काम हाय का?"

"मरतोय मी आता," म्हणाला. पण आवाजात मजा होती.

१ डिसेंबर

आज बसमध्ये रंकाळ्याच्या वळणावर धक्का बसला आणि हात आपोआप पोटावर गेला. बाजूच्या बाईनं "बसा, ताई" करून जागा दिली. कळलं की काय हिला?

मागच्या खेपेचं एकदा लिहून टाकते. दोन वर्षं झाली. दिवस गेल्याचा रिपोर्ट जावेनं घेतला, दवाखान्याच्या दारातच मोठ्यानं वाचला. रिक्षावाल्याला कळलं, मग मला. तिसऱ्या महिन्यात गेलं. आत्ती (सासूबाई, कोडोलीला असतात) म्हणाल्या, "बसचं धक्कं. सांगत हुते, ड्युटी सोड म्हणून." वाईट मनानं नाही म्हणाल्या. स्वतःही रडत होत्या. पण ते वाक्य माझ्या मागे लागलं ते लागलंच. रोज सकाळी बसच्या पायरीवर भेटतं.

ते गेल्यावर, पुढच्या खेपेसाठी म्हणून दत्तानं ऑफिसचीच छापील पुस्तिका आणून मला वाचून दाखवली. (नवरा. तोंडावर 'अवो', ब्रेलमध्ये दत्ता. इथे कोण बघतंय.) शाहूपुरीतल्या स्पेअरपार्टच्या दुकानात दिवसभर उभं राहून यायचा आणि पाय न धुता वाचायला बसायचा. काय खावं, काय उचलू नये. बसबद्दल काही लिहिलंय का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

वेबसाइटवर तीच पुस्तिका घातली आहे, अक्षर न् अक्षर. या खेपेला मी वाचणार, कुणी शेजारी नसताना. आत्तींचं खरं असेल तर ड्युटी सोडेन. पण मग मी काय राहीन? नुसती घरातली आंधळी सून.

५ डिसेंबर

मॅडमशी वाजलं. त्यांचं म्हणणं, सगळी पानं बदलायला वेळ लागेल, त्यापेक्षा अपंगांसाठी एक वेगळं छोटं पान करू. "महत्त्वाचं तेवढं."

"महत्त्वाचं कुठलं ते कोण ठरवणार, मॅडम?"

"अगं, मी डॉक्टर आहे."

"व्हय, पण वाचणारी मी हाय की."

ऑफिसात कोल्हापुरी बोलायचं नाही असं ठरवलंय, पण चिडले की सुटतं. मग महांतेश कोपऱ्यातून, "मॅडम, दोन-दोन पानं सांभाळायची म्हणजे डबल खुळेपणा. एकच करतो, सगळ्यांना चाललं असं." मॅडम म्हणाल्या, तारीख चुकली तर दोघांना बघते. बघा म्हटलं!

भांडायची हौस नाही मला, पण जमतं बरं.

११ डिसेंबर

बोललं!! पान मराठीत बोललं. 'गरोदर मातांसाठी', पहिल्या ओळीपासून. मी टेबलावर थाप मारली, फोन खाली पडला, पलीकडून कुणीतरी "हॅलो, हॅलो" करतंय.

पण एक घोळ. पं. म्हणतात, "पोटातले बाल." बाल! बाळाचे केस झाले. "पोटात कला आल्यास वेलीच दवाखान्यात यावे." पोटात कला! मी महांतेशला झाडलं, सगळे ळ घालवलेस म्हणून. तो शपथा घेतोय, "अक्का, ळच हाय हो! आईशप्पत ळ!" बिचाऱ्यानं सगळी पानं परत तपासली. अक्षर न् अक्षर बरोबर. दोष पं.चा. हिंदी जीभ, ळ वळत नाही. चूक माझी. उद्या त्याला गुऱ्हाळाचा ताजा गूळ. गुलाचा खडा.

पूर्ण वाचायचं राहिलं. बोर्डावर सारखे फोन.

१४ डिसेंबर

चित्रांचा दिवस. पं. नुसतं "चित्र, नवीन, फायनल, दोन" म्हणतात. प्रत्येक चित्रामागे दोन शब्द लिहायचे, ते पं. वाचतील. महांतेशनं उत्साहानं लिहून आणलं: 'हसणारी बाई'.

"ती हसंना नाहीतर रडंना. तिच्या हातात काय हाय?"

"गोळ्यांचं पाकीट."

"मग ते लिही की, शहाण्या! गोळी कधी घ्यायची ते त्याच चित्रात हाय ना?"

मग म्हणाला, "अक्का, वेळापत्रकच चित्रात हाय." ते त्यानं बाहेर काढून मजकुरात लिहिलं. घरी जाताना जिना उतरत गाणं म्हणत होता. कानडी.

सकाळी मळमळलं. कामाच्या धांदलीत एक बरं, कुणी विचारत नाही.

१८ डिसेंबर

आज वाचलं.

जेवणाची सुट्टी. बोर्ड शांत, सगळे चहाला. कानाला हेडफोन. आहार झाला, गोळ्या झाल्या, मग पं. म्हणाले, "मथला. आधी गर्भपात झाला असल्यास."

हा मथळा मी कधीच ऐकला नव्हता. दत्तानं वाचलेली पुस्तिका मला जवळजवळ पाठ आहे. त्यात हे नव्हतं.

"सुरुवातीच्या महिन्यांतील गर्भपात बहुतेक वेला गर्भाची वाढच नीट न झाल्याने होतो. रोजचे काम किंवा नेहमीचा बसप्रवास हे त्याचे कारण नसते. मातेने स्वतःला दोष देऊ नये."

परत लावलं. बसप्रवास. परत. 'बस' हा शब्द पं. किती साधा म्हणतात. मी हेडफोन काढला, घातला, परत लावलं. डबा पुढ्यात, हात तसेच. रडले, पण ते रडू कसलं होतं सांगता येणार नाही. पळत खाली जाऊन रस्त्यावरच्या पहिल्या बसला नमस्कार करावासा वाटला.

आणि मग राग. दत्ता, हे तू का वाचलं नाहीस?

२० डिसेंबर

दत्ताला ऑफिसात बोलावलं. नवीन कॉम्प्युटर दाखवते म्हणून. काही न सांगता तेच पान लावलं, हेडफोन काढून. पं. त्या मथळ्याशी आले आणि शेजारची खुर्ची करकरायची थांबली.

"हे... त्या पुस्तिकेत हुतं," दत्ता.

"हुतं?"

"वर तो शब्द हुता. नुकतंच सगळं झाल्यालं. तुला लागंल म्हणून मी पान उलटलं." मग हळू, "खालचं मी बी वाचलं न्हाय, शालन."

दोन वर्षं. दोन वर्षं मी बसच्या पायरीवर स्वतःला शिव्या घातल्या आणि औषध घरातल्या कपाटात होतं. बोलले. जोरात बोलले. तो नुसता नाक ओढत राहिला. इतका मायाळू माणूस आणि मायेनंच घात केला. त्याच्यावर नीट रागावताही येत नाही, याचाच जास्त राग. पं. मागे आपले चालूच, "बालाची हालचाल..."

दोघांनाही हसू फुटलं. असल्या वेळी.

"पण आत्ता हे कशाला ऐकवाय लागलीस?"

"लागणार हाय आता, म्हणून."

त्याला समजायला वेळ लागला. मग इतक्या मोठ्यानं "खरं?" म्हणाला की शिपाई धावत आला, महांतेश आला, मॅडमनी दार उघडलं. झालं, गावभर! पण या खेपेला पहिली मी. मग दत्ता. मग गाव.

१ जानेवारी २००८

सुरू झाली. हार, नारळ, पेढे. मॅडमनी मला कळ दाबायला सांगितली, पं. नी भर सभेत खणखणीत वाचलं, "कोल्हापूर." त्यात ळ नाही म्हणून निभावलं. दुपारी बोर्डावर फोन. साताऱ्याचा एक अंध मास्तर, "बाई, मी स्वतः वाचलं हो!" म्हटलं, मीही!

४ जानेवारी

कोडोलीहून आत्ती आल्या. दत्तानं त्यांना पान वाचून दाखवलं, मथळ्यासकट. ऐकून म्हणाल्या, "लिवणाऱ्याचं काय जातंय? बसाय तर हिलाच लागतंय न्हवं." पटलं का नाही, कळलं नाही. पण बसथांब्यापर्यंत सोबत आल्या, दंड घट्ट धरून, आणि कंडक्टरला दम भरला, "सावकाश घ्या, पावणं."

उद्या तपासणी. सोनोग्राफी. मला भीती वाटते आहे. मागच्या वेळी याच सुमाराला. त्या रिपोर्टला अजून कुणी बोलतं केलेलं नाही, तो कागदच असणार. दत्ताला म्हटलं, "मोठ्यानं न्हाई, माझ्या कानात वाचायचं. चांगलं असू दे, वाईट असू दे. एक ओळ गाळायची न्हाई."

कानाशी वाकला. मग म्हणाला, "न्हाय गाळणार." ळ अगदी स्वच्छ.