वर्तुळे आणि कडुनिंबाचा साबण

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
९ मार्च १९९७

ती. सरलाताईस,

तुझ्या धाकट्या बहिणीचा गुडघाभर बर्फातून सप्रेम जयभीम. मी ठीक आहे. तुझे गुडघे, भाऊजींचा दमा आणि शाळेतली तुझी चौथी ‘ब’ यांची खुशाली सविस्तर कळवावी. (सविस्तर म्हणजे खरोखरच सविस्तर. मागच्या पत्रात ‘सर्व ठीक’ एवढ्या दोन शब्दांत तू तिघांनाही आटोपलेस.)

दिवसा रुग्णालयात नर्सचे काम आणि संध्याकाळी पदव्युत्तर वर्ग, असे माझे चालले आहे. सध्या एक अतिशय सुंदर सिद्धान्त शिकवत आहेत, तो तुला क्रमाने समजावते. कागदावर मधोमध ठिपका काढ. तो माणसाचा जीव. त्याभोवती एकाबाहेर एक वर्तुळे काढ. ती त्याची तटबंदी. सर्वांत बाहेरचे वर्तुळ लवचीक असते. झोप, जेवण आणि चार माणसांशी बोलणे नीट झाले की ते फुगते, नाहीतर आक्रसते. ताण तीन दिशांनी येतो: आपल्या आतून, माणसामाणसांतून आणि भोवतालच्या परिस्थितीतून. म्हणून नर्सने नुसते ‘कुठे दुखते?’ विचारून भागत नाही. तुम्ही जेवता कोणाबरोबर, काळजी सांगता कोणाला, हेही विचारायचे, आणि तेही आजार येण्यापूर्वी. (प्रश्नावली मी आधी स्वतःवर वापरून पाहिली. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या बाईंबरोबर’ असे आले. दुसरा वेळेअभावी सोडला.)

परीक्षेसाठी एका निरोगी माणसाला तीन वेळा भेटून अहवाल लिहायचा. माणूस मिळाला नाही तर नापास. मी गावातल्या मराठी मंडळींना फोन लावले. तुमच्या एकंदर स्वास्थ्याविषयी तासभर बोलायला येऊ का, असे मी नम्रपणे विचारी, की पलीकडचा माणूस घाईघाईने फोन ठेवी. सहाव्या फोनला उलगडा झाला. सुलेखाताई म्हणून नागपूरच्याच एक आहेत, त्या म्हणाल्या, “नको यार, आम्ही ऑलरेडी राकेशच्या खाली आहोत!” इथे आपलीच माणसे ओळखीपाळखीत साबण आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या विकतात, गिऱ्हाइकालाच आपल्या हाताखालचा विक्रेता करतात आणि सुरुवात नेहमी स्वास्थ्यापासून करतात. मी त्यांच्यातली नाही, हे पटवण्यात वीस मिनिटे गेली.

शनिवारी त्यांच्याकडे पोहोचले. सुलेखाताई, त्यांचे यजमान हेमचंद्र आणि अमरावतीहून मुलाकडे राहायला आलेल्या सासूबाई, रमाबाई, असे तिघे समोर बसले. मी वही उघडून पहिले वर्तुळ काढले. ताई, ती साबणवाली मंडळीही आपली योजना वर्तुळे काढूनच समजावतात, हे मला कोणी सांगितले नव्हते! दुसऱ्या वर्तुळाला हेमचंद्र “गाडीचं ऑइल चेक करतो” म्हणून गॅरेजमध्ये गेले. तिसऱ्याला सुलेखाताईंना कुकर आठवला.

रमाबाई मात्र हलल्या नाहीत. त्यांनी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दिले. दिवसभर घरात एकट्या असतात, पलीकडून इंग्रजी येईल या भीतीने फोन उचलत नाहीत, दुपारी टपालाची गाडी गेली की दिवस संपला असे समजतात. दीड तास कसा गेला कळले नाही. (अहवालाला अर्धा तास पुरला असता.) निघताना त्यांनी मला दाराशी गाठून हळूच विचारले, “पोरी, साबण कधी आणशील?” मी पुन्हा पहिल्यापासून सिद्धान्त सांगू लागले. तेव्हा त्या म्हणाल्या, “ते कळलं गं मला. पण साबण द्यायचा राहिला म्हणजे येशील ना परत?”

मी दोन वड्यांची ऑर्डर लिहून घेतली.

भाऊजींना नमस्कार, चौथी ‘ब’ला दटावणी.

तुझी,
प्रणिता

ता. क. खादी भांडारातला कडुनिंबाचा साबण पार्सलने पाठव. इथल्या दुकानातला नेला तर सुलेखाताई ओळखतील. उरलेल्या दोन भेटींसाठी नितांत आवश्यक आहे.

ता. क. २. खोटे कशाला लिहू? तिन्ही भेटी जानेवारीतच झाल्या, अहवालाला गुणही उत्तम मिळाले. तेव्हापासून दर शनिवारी जाते आणि ‘माल वाटेत आहे’ असे सांगते. दोन वड्या नकोत, डझनभर पाठव. रमाबाई मे अखेरपर्यंत इथे आहेत, आणि एका भेटीला मी एकच वडी देणार आहे.